खळ्यात बूट चालत नाहीत

मला बास्केटबॉल आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. दहा धडधाकट पोरं एका चेंडूमागे धावतात आणि तो चेंडू अशा टोपल्यात टाकतात, ज्याला बूडच नाही. वरून टाकला की खालून पडतो. मग पुन्हा टाकतात. असलं टोपलं आमच्या बाजारात कोणी विकायला आणलं असतं तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. तरी त्या एका हंगामात मी आमच्या कॉलेजच्या संघाचा गावातला एकही सामना सोडला नाही, आणि परगावचेही एकदोन टेम्पोत बसून जाऊन पाहिले. त्याचं कारण साधं आहे. मला तूर वाळवायची होती.

आमचं शेत कॉलेजला लागून आहे. खरं म्हणजे कॉलेज आमच्या शेताला लागून आहे, शेत आधीचं. आज जिथं सिमेंटचं मैदान आहे तिथं आमचं खळं होतं. मधोमध लाकडाची मेढ, तिला बांधलेले बैल गोल फिरायचे आणि त्यांच्या पायाखाली ज्वारीची मळणी व्हायची. सासऱ्यांनी ती जागा संस्थेला विकली, पैसे घेतले, त्यामुळे जागेवर मी हक्क सांगत नाही. पण तिथलं ऊन काही त्यांनी विकलं नव्हतं. आता तिथं दोन टोकांना दोन लोखंडी खांब आहेत, त्यांना ती बिनबुडाची टोपली लटकवलेली. बैलांच्या जागी पोरं फिरतात. फरक एवढाच की बैल फिरल्यावर हाती काहीतरी लागायचं.

हल्ली मळणीला यंत्र येतं आणि तासाभरात काम उरकून जातं, म्हणून कोणी खळं राखत नाही. पण निघालेला माल वाळवावा लागतोच. ओला नेला तर व्यापारी मूठभर हातात घेतो, दाताखाली एक दाणा धरतो आणि असं तोंड करतो की जणू आपण त्याला शेण खाऊ घातलं. आधी आम्ही रस्त्यावर वाळवायचो. रस्ता रुंद झाला आणि गाडीवाले दाण्यांवरून गाड्या न्यायला लागले. मग राहिलं कॉलेजचं मैदान. सपाट, मोठं, आजूबाजूला झाड नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. ज्याने बांधलं त्याने खेळासाठी बांधलं असेल, पण डोकं शेतकऱ्याचं चालवलं होतं.

दसऱ्यानंतर सोयाबीन निघाली की मी अर्ध्या मैदानावर पसरते. उरलेल्या अर्ध्यावर पोरं खेळतात. यात कोणाचं काही बिघडत नव्हतं, फक्त माझी एक अट होती. मैदानावर माल आहे तोवर ते खळं, आणि खळ्यात पायताण चालत नाही. ही अट मी काढलेली नाही. आमच्या भागात कोणीही धान्याजवळ चपला घालून जात नाही.

खेळाचे सर नवीन आले तेव्हा त्यांनी यात फट शोधायचा प्रयत्न केला.

"काकू, तुमचा माल तिकडच्या अर्ध्यात हाये. आमच्या अर्ध्यात तर बूट चालते ना?"

"खळं अर्धं नसते, सर."

"मधात रेघ हाये ना. पांढरी."

"देवळातबी फरशीवर रेघा असते. मंग एका फरशीवर चप्पल घालून उभे राह्यता काय?"

सर फुलसावंगीकडचे, घरी शेती. त्यांनी थोडा वेळ आपल्या बुटांकडे पाहिलं आणि खाली बसून नाड्या सोडल्या. मास्तरनेच काढल्यावर पोरांनीही काढले. तेव्हापासून आमचा संघ अनवाणी सराव करायला लागला.

संघात माझा नातू होता. उंची बेताची, तोंड मोठं. त्याला संघात का घेतलं असं मी सरांना विचारलं तर ते म्हणाले, तो सगळ्यांना सांगत राहतो की काय करायचं. मी म्हटलं, ते तर तो घरीही करतो, त्यासाठी कोणी त्याला चेंडू दिलेला नाही. दुसरा होता तांड्यावरचा एक लांब पोरगा. त्याच्या आजोबांच्या वेळी तांडा बैलांवर मीठ लादून फिरायचा, आता त्यांची माझ्या बांधापलीकडे कपाशी आहे. तो मला याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तो आमच्या दारातून आत येताना दर वेळी कपाळ आपटायचा आणि दर वेळी त्याला नवल वाटायचं. मैदानावर उभा राहिला की त्याची सावली माझ्या सोयाबीनवर पडायची.

"सरक बे तिकडे. दाणे थंडे होऊन राह्यले."

"याडी, मी सरकलो तर बॉल कोण पकडंल?"

"सावली घेऊन सरक अन् हात तिथंच ठेव. तुले जमते."

बाकीचे पाचसहा जण होते, पण ते सगळे सारखेच दिसायचे.

आमच्या भागातल्या काही कॉलेजांचा मिळून एक गट आहे. दिवाळीच्या आसपास सामने सुरू होतात आणि संक्रांतीनंतर संपतात. प्रत्येकाने प्रत्येकाच्या गावी एकदा जायचं, आपल्या गावी एकदा बोलवायचं. सोयऱ्याधायऱ्यांसारखं. फक्त इथं जेवायला घालत नाहीत, एक केळं देतात.

पहिला सामना पांढरकवड्याला होता. मला तिथं बहिणीकडे जायचं होतं आणि टेम्पो फुकट होता, म्हणून मी पोरांबरोबर बसले. तिथलं मैदान मोठ्या रस्त्याला लागून. हैद्राबादकडे जाणारे ट्रकवाले चहाला थांबलेले, ते भिंतीवर कोपर टेकून पाहायला लागले. बहिणीकडे जायच्या आधी थोडं पाहून घ्यावं म्हणून मीही बसले.

अर्धा खेळ झाला तोवर आमची पोरं बरी खेळत होती. मग शिट्टी वाजली, सगळ्यांनी पाणी प्यायलं आणि दोन्ही संघांनी बाजू बदलल्या. पुन्हा खेळ सुरू झाला. चेंडू माझ्या नातवाच्या हाती आला. तो तीरासारखा धावत सुटला. त्याला कोणी अडवेना. मला वाटलं, पोरगं चांगलंच चपळ आहे, लोक घाबरले. त्याने उडी मारून चेंडू टोपल्यात टाकला आणि दोन्ही हात वर केले.

भिंतीवरचा एक सरदारजी ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "भाई, ये लड़का है किसकी तरफ से?"

तेव्हा मला कळलं की त्याने चेंडू आपल्याच टोपल्यात टाकला होता. त्याचे गुण पांढरकवड्याला मिळाले. एकदा झालं असतं तर चूक म्हणता आली असती. पण थोड्या वेळाने लांब पोराने तेच केलं. तिसऱ्या वेळी समोरच्या संघानेच आमच्या एकाला दंडाला धरून फिरवलं आणि सांगितलं, भाऊ, तिकडे. ट्रकवाल्यांनी चहा पुन्हा मागवला. मी बहिणीकडे गेलेच नाही.

येताना टेम्पोत मी नातवाला विचारलं, "काऊन बे, तुले आपलं टोपलं कोणतं अन् त्यायचं कोणतं, समजत नाही काय?"

"आजी, मले सवय हाये. सूर्य डोयात आला की तिकडे टाकाचं."

"म्हणजे काय?"

"आपल्या इथं आम्ही एकाच टोपल्यात टाकतो. मावळतीकडच्या."

"टोपले दोन हाये ना."

"दुसऱ्याच्या खाली तुही सोयाबीन हाये."

 सर खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटलं, "मंग सोयाबीन काय उचलून डोक्यावर ठेवू?" माझ्यापुरता तो विषय संपला.

संपला असता. पण आमचा संघ हरतच गेला. परगावी ते अर्धा खेळ स्वतःविरुद्ध खेळायचे. गावातल्या सामन्याच्या दिवशी मी माल उचलायचा असं सरांशी ठरलेलं होतं. माल नाही तर खळं नाही, खळं नाही तर बूट चालतात. म्हणून पोरं हौसेने बूट घालून उतरायची, आणि एवढे दिवस अनवाणी खेळून त्यांना बुटांची अशी सवय मोडलेली की नवी नाल ठोकलेल्या गोऱ्ह्यासारखी घसरायची. लांब पोरगा तर एकदा पाय फाकवून जो खाली गेला, तो दोघांनी उचलेपर्यंत वर आला नाही.

मग एक दिवस प्रिन्सिपॉल साहेब मैदानावर आले. ते नागपूरचे. बूट चकचकीत, चाल सरळ. ते थेट माझ्या सोयाबीनकडे यायला लागले.

"साहेब, बूट," मी म्हटलं.

"काय झालं बुटांना?"

"काढा."

"आजी, हे क्रीडांगण आहे."

"आज खळं हाये."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर अनवाणी उभे होते. पोरांकडे पाहिलं. तीही अनवाणी. साहेब होते तिथंच थांबले, बूट काही काढले नाहीत, आणि काठावरूनच मोठ्याने बोलले. म्हणाले, हा संघ एकही सामना जिंकत नाही. पेपरात आपलं नाव सगळ्यात खाली येतं. या हंगामात एक तरी सामना जिंकून दाखवा, नाहीतर बास्केटबॉल बंद. मग या जागेवर प्राध्यापकांच्या गाड्यांसाठी शेड बांधू. वर पत्रे टाकू.

"पत्रे?" मी विचारलं.

"हो. उन्हात गाड्या तापतात."

"तापल्या तर काय होते? वाळून जाते काय?"

साहेब गेले. मी सोयाबीनकडे पाहिलं. वर आभाळाकडे पाहिलं. तिथं पत्रे आले तर खाली सावली येणार, आणि सावलीत फक्त प्राध्यापक वाळतात. सोयाबीन कशीबशी निघून गेली असती, पण तूर यायची होती. तूर जास्त होती.

त्या दिवसापासून मी बास्केटबॉलमध्ये लक्ष घातलं.

सगळ्यात आधी टोपल्याचा प्रश्न मिटवला. एक दिवस माल उगवतीकडे पसरायचा, दुसऱ्या दिवशी मावळतीकडे. पोरांना दोन्ही टोपल्यांची सवय व्हायला पाहिजे. माल मी हलवणार नाही, तो पोरांनी हलवायचा, हेही मीच ठरवलं. सराव सुरू व्हायच्या आधी सगळा संघ दाताळी घेऊन सोयाबीन या टोकाकडून त्या टोकाला ओढायचा. सरांनी कुरकुर केली.

"काकू, हे पोट्टे खेळाडू हायेत. मजूर नाही."

"मंग त्यायले दंड बैठका कायले लावता? त्यानं माल हलते काय?"

मग मी मैदानाच्या कडेला एक पोतं अंथरून बसायला लागले. मला खेळाचे नियम कळत नव्हते, पण कोण कामचुकार आहे ते कोणत्याही कामात कळतं. लांब पोरगा टोपल्याखाली उभा राहून गुडघे वाकवून चेंडू टाकायचा.

"काऊन वाकतं बे? देवानं उंची दिली ते वाकाले दिली काय?"

"याडी, सरनं सांगतलं. वाकून मंग उडी माराची."

"तू उभा राह्यला तरी तुहा हात टोपल्यापाशी पोचते. झाडावरची चिंच हाताशी असली तर कोणी खाली बसून मंग उडी मारते काय?"

तो विचारात पडला. दुसऱ्या दिवशीपासून तो न वाकता टाकायला लागला. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण चेंडू आत जात होता, म्हणून त्यांनी त्याला पुन्हा वाकायला लावलं नाही.

तरी संघ हरला. आता योग्य टोपल्यात टाकून हरायला लागला, एवढीच सुधारणा झाली. सोयाबीन विकून झाली, कपाशीची दुसरी वेचणी झाली, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले, आणि जिंकलेला सामना एकही नाही. उरला होता शेवटचा एक, आमच्याच गावात, आणि तोही जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजशी. तो संघ त्या हंगामात कोणाकडूनच हरला नव्हता. साहेबांनी पत्र्याच्या माणसाला बोलावून जागा मोजूनसुद्धा घेतली. त्या माणसाला मी बूट काढायला लावले, पण त्याने काही जागा लहान झाली नाही.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात माझी तूर निघाली. मैदानावर वाळवली, सामन्याच्या पहाटे सगळी झाडून उगवतीच्या खांबामागे रास केली. सकाळीच काटेवाला येणार, माल मोजणार, दुपारच्या सामन्याआधी मैदान मोकळं, असं ठरलं होतं. म्हणून मी रास लावल्याबरोबर तिची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती लावली, भोवती राखेची रेघ ओढली. आणि तेवढ्यात काटेवाल्याचा फोन आला की गाडीचा पट्टा तुटला, आज काही येत नाही.

साहेब धावत आले. "आजी, पाहुणे येतील. हा ढीग उचला."

"रास हाये ते. ढीग नाही. पूजा झाली, आता मोजल्याशिवाय हालत नाही."

"मग मोजा."

"कायनं मोजू? ओंजळीनं?"

सर टेप घेऊन आले. खेळाची पांढरी रेघ कुठे संपते ते पाहिलं, माझी राखेची रेघ कुठे सुरू होते ते पाहिलं. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा होती. "चालते साहेब," ते म्हणाले. "बाहेर हाये." साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ते खुर्च्या मांडायला गेले.

जिल्ह्याचा संघ बसने आला. सगळे उंच, सगळ्यांचे कपडे एकसारखे, आणि पायात असे बूट की आमच्या पोरांनी आधी बुटांकडेच पाहिलं, तोंडांकडे नंतर. आमची पोरंही पिशवीतून आपले बूट काढून नाड्या बांधायला लागली होती. माझा नातू म्हणाला, "आजी, आज तं बूट घालू दे. पाव्हणे हायेत."

"रास दिसत नाही काय तुले?"

"आजी, रास रेघेच्या बाहेर हाये."

"खळ्याले बाहेर नसते."

आमचं हे चाललेलं असताना पंच आले. पंच म्हणजे शिट्टीवाले. ते केळापूर तालुक्यातले एक मास्तर, पांढरा शर्ट, पोट थोडं पुढे. ते मैदानाच्या काठावर आले, समोर रास दिसली, नारळ दिसला, उदबत्ती दिसली. आणि काही विचार न करता, बोलता बोलताच, त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलून काढला, मग दुसरा, दोन्ही बाजूला ठेवले, राशीला हात जोडले आणि मध्यभागी जाऊन उभे राहिले. त्यांना स्वतःलाही ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण ते खाली आपल्या पायांकडे पाहत राहिले. पण आता पुन्हा घालायला जाणं बरं दिसलं नसतं.

त्यांच्या संघाचे सर आले. "पंच साहेब, बूट?"

"तुमचं तुम्ही पाहा," पंच म्हणाले. "घाला म्हणत नाही, काढा म्हणत नाही."

"नियमात तर..."

"नियम मले माहीत हाये. रासबी मले दिसून राह्यली."

आमच्या पोरांनी बूट पुन्हा पिशवीत टाकले. जिल्ह्याची पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. कॉलेज शहरातलं असलं तरी पोरं काही आभाळातून पडलेली नव्हती. कोणाच्या घरी कपाशी, कोणाच्या घरी तूर. एकाने हळूच बूट काढले. मग दुसऱ्याने. एकटा एक राहिला, केस वर उभे केलेला, तो म्हणाला, मी तर घालूनच खेळणार. त्याचाच सोबती त्याला म्हणाला, "काढ ना बे. घरी सांगू काय तुह्या आजीले?" त्याने काढले. त्याचीही आजी असणार, माझ्यासारखीच.

मग शिट्टी वाजली आणि मला पहिल्यांदा तो खेळ पाहण्यासारखा वाटला.

जानेवारीची दुपार म्हणजे हवा थंड, पण आमचं सिमेंट सकाळपासून तापलेलं. त्यावर तुरीच्या बारीक काड्या कितीही झाडल्या तरी चिकटून राहतात. आमच्या पोरांच्या टाचा तीन महिन्यांत बैलाच्या खुरासारख्या झालेल्या, त्यांना काही कळतच नव्हतं. पाहुणे मात्र असे पाय उचलत होते जणू चुलीवरून चालले आहेत. एक चेंडू पकडायला धावला आणि मध्येच थांबून तळव्यातली काडी काढत बसला. केस उभे केलेला तर चवड्यांवर नाचत होता. त्याचं नाचणं चांगलं होतं. त्याला तमाशात घेतलं असतं.

पण उंच ते उंचच. चेंडू त्यांच्याकडे गेला की टोपल्यात जायचाच. कधी आम्ही पुढे, कधी ते. माझा नातू सगळ्यांना ओरडून सांगत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा लोक त्याचं ऐकत होते. शेवटी शेवटी लांब पोराने न वाकता, न उडता, चिंच तोडल्यासारखा हात वर करून चेंडू टोपल्यात ठेवला. आम्ही एका गुणाने पुढे. साहेब खुर्चीवर उभे राहिले.

पाहुण्यांनी लगेच उलट चेंडू फेकला. तो टोपल्याच्या कडीवर आदळला, वर उडाला, पलीकडे गेला आणि माझ्या राशीत जाऊन रुतला.

सगळे धावत आले आणि राखेच्या रेघेवर येऊन थांबले. शेवटचा हात आमच्या पोराचा लागला होता म्हणे, म्हणून चेंडू पाहुण्यांचा. पण तो होता राशीच्या मध्यावर, आणि पूजा केलेल्या राशीवर पाय कोण देणार? केस उभे केलेला रेघेपाशी वाकून हात लांबवत होता. पोचत नव्हता.

"आजी, बॉल," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आली."

राशीला हात लावायचा तर मालकिणीनेच लावायचा. मी पोत्यावरून उठायला लागले. माझे गुडघे कधीपासून दुखतात ते सगळ्या गावाला माहीत आहे. एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा. उभी राहिले. पदर खोचला. चालत राशीपाशी गेले. आधी राशीला नमस्कार केला, तो तर करावाच लागतो. मग सुपाने बाजूबाजूचे दाणे सारले, कारण चेंडू ओढला असता तर रास ढासळली असती.

"आजी, जरा लवकर," त्यांचे सर म्हणाले.

"तुम्ही या ना मंग."

ते आले नाहीत.

मी चेंडू काढला, पदराने पुसला, त्यावरची तूर परत राशीत झटकली आणि त्या पोराच्या हाती दिला. त्याने तो घेतला आणि त्याच वेळी घड्याळ वाजलं. घड्याळ होतं कॉमर्सच्या सरांच्या हातात. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबवायचं असतं म्हणे. ते बिचारे बाकी सगळ्यांसारखे माझ्याकडे पाहत बसले होते.

पाहुण्यांच्या सरांनी बराच वाद घातला. पंचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, घड्याळ वाजलं ते वाजलं. त्यांच्या तोंडात तेव्हा माझ्या नारळाचा तुकडा होता, पण तो सगळ्यांनाच दिला होता, पाहुण्यांनाही. मी मुद्दाम हळू गेले असं अजूनही काही लोक म्हणतात. ज्याला घाई होती त्याने राखेची रेघ ओलांडून चेंडू आणायचा होता.

तर आम्ही जिंकलो. पत्र्याचा माणूस पुन्हा आला नाही. साहेबांनी भाषण केलं, पोरांच्या गळ्यात हार घातले, आणि उन्हाळ्यात मैदानाला निळा रंग मारला, भोवती जाळी बसवली, संघाला नवे बूट दिले आणि जाळीवर पाटी लावली की इथं धान्य वाळवण्यास सक्त मनाई आहे. मी ती पाटी वाचली. चौथी पास आहे मी, मनाई वाचता येते. घरी आले आणि नातवाला म्हटलं, "यापेक्षा तुम्ही हरले असते तं बरं झालं असतं. पत्र्याखाली निदान बकऱ्या तरी बसल्या असत्या."

दसऱ्यानंतर सोयाबीन निघाली ती मी घराच्या गच्चीवर टाकली. गच्ची केवढी, माल केवढा. अर्धी पोत्यातच तापत राहिली.

पुढच्या हंगामाचा पहिला सामना आमच्याच गावात होता, पांढरकवड्याशी. मी गेले नाही. मला काय करायचं होतं जाऊन. संध्याकाळी नातू सामना हरून लंगडत आला. पायाला फोड. निळ्या रंगावर नवे बूट असे सरकत होते म्हणे, की लांब पोरगा धावायला लागला तो थेट जाळीत जाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या अंगणात आले. चहा दिला. तो संपला तरी जाईनात.

"काकू, सोयाबीन काढून झाली असंल."

"झाली."

"वाळली?"

"गच्चीवर जेवढी मावते तेवढी वाळली."

"आणता काय मंग मैदानावर?"

"पाटी हाये ना."

"पाटीचं मी पाहातो."

"पाटीचं तुम्ही काय पाहाल? साहेबाले पाहू द्या."

सर गेले. दुपारी टेम्पो आला, त्यात सगळा संघ. त्यांनी गच्चीवरून पोती उतरवली, खोलीतली काढली, आणि मला न विचारता घेऊन गेले. लांब पोराने जाताना दारावर कपाळ आपटलं. मी मागून पोहोचले तोवर उगवतीकडच्या अर्ध्यात सोयाबीन पसरून झाली होती, आणि जाळीच्या बाहेर नव्या बुटांची रांग लागली होती. पाटी तिथंच होती. तिच्यावर कोणीतरी बनियन वाळत घातलं होतं.

थोड्या वेळाने साहेब आले. आत बराच वेळ पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतात. पण त्यांनी एका हाताने जाळी धरली, एका पायावर उभे राहिले आणि बूट काढले. मग मोजेही काढायला लागले. एका मोज्याला अंगठ्यापाशी मोठं भोक होतं. त्यांनी तो पटकन मुठीत लपवला.

"साहेब," मी म्हटलं, "मोजा फाटला तुमचा."